शास्त्रदान : ताडपत्रापासून संगणकापर्यंत

आहार, औषध, अभय व शास्त्र या चतुर्विध दानांपैकी शास्त्रदानाचे स्वरूप काळानुसार पालटत गेले. मूडबिद्रीच्या ताडपत्रांत जतन झालेला षट्खंडागम डॉ. हिरालाल जैन यांनी धवला टीकेसह संपादिला. १९३९ ते १९५८ या काळात त्याचे १६ खंड प्रसिद्ध झाले. विदिशाच्या एका श्रेष्ठींच्या दानातून अमरावतीत स्थापन झालेला साहित्योद्धारक फंड या कार्याचा आधार होता.

एकविसाव्या शतकात लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ जैनॉलॉजीने ‘जैनपीडिया’ हा प्रकल्प हाती घेतला. ब्रिटिश लायब्ररी, बॉडलियन आदी संग्रहांतील जैन हस्तलिखितांची पृष्ठे छायाचित्ररूपाने, विवरणासह, इंटरनेटवर सर्वांस विनामूल्य खुली झाली. त्यास ब्रिटनच्या हेरिटेज लॉटरी फंडाचे अनुदान लाभले. हा निधी लॉटरीच्या तिकीटविक्रीतून येतो. सप्तव्यसनांत द्यूत प्रथम गणले जाते. तरीही शास्त्ररक्षणास त्या धनाचे साहाय्य झाले, ही बाब समाजाने चिंतन करण्याजोगी आहे.

अनुदानास मुदत असते. ताडपत्रास वेष्टन लागते, तशी संगणकीय संग्रहासही नित्य देखभाल लागते. मुदत सरल्यानंतरचा हा भार वाहणे, हेच आजच्या श्रावकाचे शास्त्रदान होय.