ठोक्यामागचा सूर

गिटारची तार छेडली की सगळ्यात मोठा आवाज पहिल्याच क्षणी निघतो. आधी नखाचा टक्, मागोमाग सूर, आणि लगेच उतार. तो टक् पुसून सूर शून्यातून वर आणायचा, अशी एक डबी बांधण्यासाठी कोऱ्हाळे बुद्रुक गावातल्या घरात रोज रात्री मी झिरो पीसीबीवर डाख देत बसतो. सामान पुण्याच्या पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून आणलेलं: ऑप-अँप, एक फेट ट्रान्झिस्टर, मूठभर रेझिस्टर आणि कपॅसिटर.

या डबीचं मूळ घराणं जपानचं. बॉस कंपनीने 1979मध्ये 'स्लो गिअर' नावाचा गिटारचा पेडल काढला आणि 1982पर्यंत तो बंदही केला. बाजारातून गेला, म्हणून लोक तो घरी बांधू लागले. आत जे चालतं ते आमच्या भागात कुणालाही समजेल. पाटाचं दार उघडलं तरी शेवटच्या वाफ्यात पाणी लगेच पोचत नाही. तार वाजली की सर्किटला चाहूल लागते, वीज रेझिस्टरमधून कपॅसिटरमध्ये शिरते, आणि तो भरत जाईल तसतसं फेट आवाजाला वाट देत जातं. 100 किलोओहम आणि 1 मायक्रोफॅरड घेतले तर हा भरण्याचा काळ सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा. तेवढ्यात टक् होऊन जातो आणि कानाला मिळतो तो त्याच्या मागचा सूर. व्हायोलिनवर गज अलगद टेकवावा तसा.

या पेडलच्या आधी हे काम करंगळी करायची. आवाजाचं बटण शून्यावर ठेवून तार छेडायची आणि त्याच हाताच्या करंगळीने बटण हळूच फिरवायचं. बीटल्सच्या 1965मधल्या 'येस इट इज' आणि 'आय नीड यू' या गाण्यांत गिटारचे असे फुगत येणारे सूर ऐकू येतात. त्याही आधी, 1948मध्ये, पॅरिसच्या रेडिओत पिअर शेफेरने घंटेच्या ध्वनिमुद्रणातून ठोकाच वगळला. उरलेला नाद घंटेचा वाटेना, तो ओबोसारखा वाटू लागला. ओबो म्हणजे आपल्या सनईच्या गोतातलं वाद्य. मला माझ्या डबीच्या कुळातला शेफेर हा सगळ्यात मोठा पुरुष वाटतो, कारण वाद्याची ओळख त्याच्या पहिल्या क्षणात किती दडलेली असते, हे त्याने कानाला पटवून दिलं.

पण हे कूळ मला पॅरिसपाशी थांबवायचं नाही; छेडल्यावर भरत जाणारा सूर आपल्या तंबोऱ्यातही आहे. मिरजेत 1850च्या सुमारास फरीदसाहेबांनी, हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घरातल्या माणसाने, तंतुवाद्यं घडवायला घेतली. त्यांच्या मागे पिढ्यान्‌पिढ्या तिथे तंबोरे होत आले. 2024मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. या वाद्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भीमेकाठचे. आमची नीरा नदी इंदापूर तालुक्यात नरसिंगपूरला भीमेला मिळते आणि तेच पाणी पुढे त्या भागातून वाहतं. हे मनात आलं की तंबोरा मला परका राहत नाही.

तंबोऱ्याची घोडी रुंद, तिला अगदी नकळत उतार. त्या उतारावर तारेखाली सुताचा धागा सरकवतात. कानसीने घोडी घासून आणि धागा केसभर मागेपुढे करून जवारी लावली जाते. बोटाच्या मांसल भागाने तार हलकेच छेडली की सूर तिथेच संपत नाही. तार घोडीला पुन्हा पुन्हा शिवते, वरचे स्वर एकामागून एक उमलतात, आणि नाद छेडल्यानंतर भरत जातो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर निबंध लिहिला, तो याच कोड्यावर. तार जिथे छेडली तिथे ज्या वरच्या स्वरांचा स्थिर बिंदू येतो ते स्वर उमटू नयेत, असा नियम. तंबोऱ्यात ते स्पष्ट ऐकू येतात.

धागा आघात पुसत नाही, हे खरं. तो आघातानंतरच्या क्षणाला जास्त जागा देतो. कपॅसिटर आघात गिळतो. दोघांच्या रीती वेगळ्या, तरी कान एकच गोष्ट मागतो आहे असं मला वाटतं.

म्हणून मी गिटारच्या घोडीवरही दोरा ठेवून पाहिला. सूर नुसता दबला. गिटारच्या घोडीची कड बारीक, तारेला टेकत जायला उतारच नाही. पुन्हा डबीकडे वळलो.

डबीची एक अट आहे. दोन सुरांच्या मध्ये कपॅसिटर रिकामा झाला नाही तर दार उघडंच राहतं आणि पुढचा टक् जसाच्या तसा बाहेर येतो. काल 1 मायक्रोफॅरड काढून 2.2 लावला. षड्ज छेडला, तो सावकाश वर आला. घाईने गंधार घेतला, तो टक् करून आला. मग तार बोटाने धरली, शांत होऊ दिली, श्वासभर थांबलो आणि गंधार पुन्हा छेडला. या वेळी तो खालून उमलत आला.