माशाविना टाकी : कृत्रिम आमिषांच्या घरगुती परीक्षणाचा इतिहास

प्रस्तावना

गळाने मासे पकडण्याच्या व्यवहाराला कोकणात ‘गरवणे’ असे स्वतंत्र क्रियापद आहे. गरवणारा गळाला कोळंबी अथवा गांडूळ लावतो. आमिष खरेच असल्यामुळे ते माशाला खरे वाटेल काय, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहत नाही. इंग्लंड व अमेरिकेत मात्र पिसे, रेशीम, लाकूड आणि धातू यांपासून घडविलेल्या कृत्रिम आमिषाची दीर्घ परंपरा असून तेथे हा प्रश्न अटळ ठरला. पाण्यावर तरंगणारी पिसांची माशी खाली असलेल्या माशाला कशी दिसते? या प्रश्नाच्या उत्तरासाठी हौशी अभ्यासकांनी घरी वा घराजवळ ज्या टाक्या, हौद आणि निरीक्षण-खोल्या उभारल्या, त्यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. या साधनांचा इतिहास सामान्यतः प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो टाकीतून मासा हळूहळू नाहीसा होण्याचाही इतिहास आहे, आणि ही दुसरी बाजू अधिक विचारार्ह आहे.

नदीकाठची झोपडी आणि घरचा हौद

आल्फ्रेड रोनाल्ड्स यांचे ‘द फ्लाय-फिशर्स एन्टॉमॉलॉजी’ हे पुस्तक १८३६ साली प्रसिद्ध झाले. ट्राउट माशाच्या खाद्यातील कीटक व त्यांच्या कृत्रिम प्रतिकृती यांची चित्रे त्यात शेजारी शेजारी दिलेली आहेत. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला त्यातील प्रारंभीचा भाग अधिक मोलाचा वाटावा. स्टॅफर्डशायरमधील ब्लाइथ नदीवर रोनाल्ड्स यांनी एक निरीक्षण-झोपडी बांधली आणि तिच्या झरोक्यांतून ते ट्राउटचे वर्तन पाहत राहिले. माशाला हवेतील आवाज ऐकू येतो काय, हे पाहण्यासाठी त्यांनी बंदुकीचे बार काढविले. मासे विचलित झाले नाहीत. मेलेल्या घरमाश्यांना तिखट व मोहरी माखून त्या नळीतून पाण्यावर फुंकल्या. ट्राउटने त्याही गिळल्या. (मराठीत ‘मासा’ आणि ‘माशी’ हे शब्द एकमेकांच्या जवळचे असल्याने येथे वाचकाने सावध राहावे.) या प्रयोगांत काही त्रुटी असतील, परंतु प्रश्न माशाला विचारला गेला आणि उत्तरही माशानेच दिले, हे महत्त्वाचे.

रोनाल्ड्स यांनी माशाच्या दृष्टीचा प्रकाशशास्त्रीय विचारही मांडला. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३ असल्यामुळे पाण्याबाहेरचे सारे जग माशाला डोक्यावरील सुमारे ९७ अंशांच्या शंकूत एकवटलेले दिसते. पृष्ठभागावर या शंकूचे जे वर्तुळ पडते त्याला इंग्रजी लेखक ‘खिडकी’ म्हणतात. तिचा व्यास माशाच्या खोलीच्या सव्वादोन पटींहून किंचित अधिक असतो. ३० सेंटिमीटर खोलीवरील माशाला सुमारे ६८ सेंटिमीटर व्यासाची खिडकी लाभते. खिडकीभोवतीचा उरलेला पृष्ठभाग खालून पाहता आरशासारखा असतो व त्यात तळाचे प्रतिबिंब पडते.

इप्सविच येथील डॉ. फ्रान्सिस वॉर्ड यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांनी तळ्याच्या बाजूला, पाण्याच्या पातळीखाली एक निरीक्षण-खोली बांधून तळे व खोली यांच्यामध्ये काच बसविली. खोली अंधारी ठेवल्यामुळे निरीक्षक माशांना दिसत नसे. मासे मात्र उजेडात स्पष्ट दिसत व त्यांची छायाचित्रे घेता येत. १९११ सालच्या ‘मार्व्हल्स ऑफ फिश लाइफ’ या ग्रंथातील छायाचित्रे ही या पद्धतीची देणगी होय. चंदेरी खवल्यांचा मासा भोवतालचा रंग परावर्तित करून पाण्यात जणू विरून जातो, हे या चित्रांनी डोळ्यांसमोर आणले. प्रयोगशाळेचे कोणतेही अनुदान नसताना एका व्यवसायी डॉक्टराने हे काम केले, याची नोंद आपल्या महाविद्यालयीन विश्वाने अवश्य घ्यावी.

मासा बाहेर, माणूस आत

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून चित्र बदलते. अमेरिकेतील एडवर्ड हेविट यांनी पाण्याखालून माशी कशी दिसते याची छायाचित्रे घेतली. कर्नल ई. डब्ल्यू. हार्डिंग यांनी १९३१ साली ‘द फ्लायफिशर अँड द ट्राउट्स पॉइंट ऑफ व्ह्यू’ या ग्रंथात खिडकी व आरसा यांचा सांगोपांग अभ्यास मांडला. व्हिन्सेन्ट मारिनारो यांची तिरप्या काचेची टाकी त्यांच्या ‘इन द रिंग ऑफ द राइज’ (१९७६) या पुस्तकामुळे सर्वश्रुत झाली.

काच तिरपी का असावी, हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण घरी टाकी बांधणारा बहुधा येथेच फसतो. खिडकीतून पाण्यात शिरलेला किरण लंबरेषेशी जास्तीत जास्त ४८.६ अंशांचा कोन करतो. टाकीची काच उभी असेल तर हा किरण तिच्यावर किमान ४१.४ अंशांनी आदळतो आणि हा कोन ४८.६ अंशांहून अधिक झाला की तो बाहेर न पडता पुन्हा पाण्यातच परततो. म्हणजेच उभ्या काचेतून खिडकीच्या कडेचा अरुंद पट्टा तेवढा दिसतो, तोही विकृत. काच दृष्टिरेषेला काटकोनात आणली की हा अडथळा दूर होतो. मारिनारो यांची रचना त्या दृष्टीने निर्दोष होती.

मात्र या टाकीत मासा नव्हता. माशाच्या जागी निरीक्षकाचा डोळा अथवा कॅमेरा बसला आणि ‘मासा काय करतो’ या प्रश्नाचे रूपांतर ‘माशाच्या जागेवरून मला काय दिसते’ या प्रश्नात झाले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक नेमके मिळते. पण तो पहिला प्रश्न नव्हे.

वाहत्या पाण्याचा प्रश्न

तरंगत्या माशीसाठी स्थिर पाणी पुरते. दोरीने ओढल्यावर डोलणाऱ्या लाकडी आमिषाची गोष्ट वेगळी. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी १९३६ साली बुचाचे असे आमिष कोरले. त्याला चॉकलेटची चंदेरी कागदी वेष्टने चिकटविली आणि वितळविलेल्या छायाचित्र-फितीचा लेप दिला. त्याचे सारे मोल त्याच्या डोलण्यात होते, आणि गती ही गतीतच तपासावी लागते.

यासाठी दोनच मार्ग आहेत : स्थिर पाण्यातून वस्तू ओढणे अथवा स्थिर वस्तूवरून पाणी वाहविणे. पहिल्या मार्गाचा थोर नमुना म्हणजे विल्यम फ्रूड यांनी टॉर्की येथे आपल्या घराजवळ ब्रिटिश नौदलाच्या पैशातून उभारलेली व १८७२ साली कार्यान्वित झालेली टाकी. तीत जहाजांच्या प्रतिकृती ओढून त्यांचा रोध मोजला जाई. तिची लांबी ८० मीटरहून अधिक होती. घरगुती टाकी दोन मीटरची धरली, तर सेकंदाला एक मीटर वेगाने ओढलेले आमिष दोन सेकंदांत पलीकडच्या काचेवर आदळेल. म्हणून आजचे हौशी कारागीर दुसरा मार्ग पत्करतात. तेथेही हिशेब कठोर आहे. ३० सेंटिमीटर रुंद व तितक्याच खोल प्रवाहाला सेकंदाला अर्ध्या मीटरचा वेग द्यायचा तर सेकंदाला ४५ लिटर, म्हणजे तासाला १ लाख ६२ हजार लिटर पाणी फिरवावे लागते. मत्स्यालयाचा पंप येथे निरुपयोगी होय. नावेला लावावयाच्या छोट्या विद्युत मोटरीचा पंखा वापरण्यामागे हे कारण आहे. पंख्यामुळे पाण्याला पडणारा पीळ मोडण्यासाठी प्रवाहाच्या तोंडाशी समांतर नळ्यांची जाळी बसवावी लागते, अन्यथा आमिषाचे डोलणे आणि पाण्याचे भोवरे यांत भेद करता येत नाही. काचेची जाडी ठरविताना टाकीची लांबी-रुंदी आणि पाण्याची उंची पाहावी लागते, कारण पाण्याचा दाब उंचीने वाढतो, साठ्याने नव्हे. जमिनीवर येणारा भार मात्र साठ्यावर ठरतो. अर्धा घनमीटर पाणी म्हणजे अर्धा टन.

कॅमेरा कोणासाठी?

स्वस्त जलरोधक कॅमेरे आल्यापासून अशा टाक्यांतील चित्रण सुलभ झाले आहे. आमिष कोणत्या वेगाला डोलते, कोणत्या वेगाला उलटते, गळाचे वजन बदलल्यास त्याचा तोल कसा ढळतो, हे सारे चित्रफितीत विश्वासार्हपणे टिपता येते. कारागिराला एवढे पुरेसे असेल तर तक्रारीला जागा नाही. पण तीच चित्रफीत ‘माशाला दिसणारे दृश्य’ म्हणून पुढे केली जाते तेव्हा आक्षेप घ्यावा लागतो. कॅमेऱ्याची रंगव्यवस्था मानवी डोळ्याच्या तीन रंगसंवेदनांवर बेतलेली आहे. ट्राउटच्या डोळ्यात चार प्रकारच्या शंकुपेशी आढळतात व कोवळ्या वयात त्यांतील एका प्रकाराला अतिनील प्रकाशही जाणवतो. शिवाय पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते. अर्धा मीटर खोल, नळाच्या पाण्याने भरलेल्या आणि दिव्यांनी उजळलेल्या टाकीत झळाळणारे तांबडे आमिष तळ्यात पाच-सहा मीटर खोलीवर काळपट होते, आणि शेवाळाने गढुळलेल्या पाण्यात त्याहूनही वर.