उदरांतील प्रतिध्वनि

आईच्या उदरांतील बाळाची खबर घेण्यास पूर्वीं हाताचा स्पर्श आणि कान एवढींच साधनें होतीं. पुढें क्ष-किरण आले. पण ते गर्भास बाधतात, असा इशारा ॲलिस स्टुअर्ट यांनीं १९५६ सालीं दिला.

त्याच सुमारास ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयान डोनल्ड यांना निराळी वाट सांपडली. युद्धकाळांत विमानदलांत असतांना त्यांचा रडारशीं परिचय झाला होता. कानास ऐकूं न येणाऱ्या ध्वनीनें पोलादांतील भेगा शोधणारें यंत्र कारखान्यांत असे. त्यावर त्यांनीं १९५५ सालीं शस्त्रक्रियेनें काढलेल्या गांठी तपासल्या. घन गांठीचा प्रतिध्वनि निराळा, द्रवानें भरलेलीचा निराळा! जॉन मॅकव्हिकर आणि अभियंते टॉम ब्राऊन यांच्यासह त्यांनीं १९५८ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें हें संशोधन प्रसिद्ध केलें.

आज सोनोग्राफीनें गर्भाचें वय, जुळीं, वारेची जागा कळते. परंतु वयाचा अंदाज पहिल्या तीन महिन्यांतच विशेष खरा; पुढें तो ढळतो. कांहीं व्यंगें निसटतात. ‘सर्व ठीक’ हा शेरा म्हणजे हमी नव्हे.

या झाल्या यंत्राच्या मर्यादा. मुलगी नको म्हणून त्याचा दुरुपयोग झाला, हा दोष आपला. गर्भलिंगपरीक्षेस आळा घालणारा कायदा महाराष्ट्रानें १९८८ सालीं केला, देशानें १९९४ सालीं. तरी सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागें महाराष्ट्रांत १९९१ सालीं ९४६ मुली होत्या, त्या २०११ सालीं ८९४ च उरल्या.

तेव्हां घरांत तपासणीचा कागद येईल त्या दिवशीं बाळाची प्रकृति अवश्य विचारावी. मुलगा कीं मुलगी, हें विचारूं नये.