दिनविशेष : 19 मार्च
2002 : ह्युलेट-पॅकार्ड (एचपी) आणि कॉम्पॅक या संगणक कंपन्यांच्या विलीनीकरणावर एचपीच्या भागधारकांनी कॅलिफोर्नियातील क्युपर्टिनो येथे मतदान केले. सप्टेंबर 2001 मध्ये घोषणा होताच एचपीचा शेअर गडगडला होता. मुख्य कार्यकारी अधिकारी कार्ली फियोरिना विलीनीकरणासाठी आग्रही होत्या. सहसंस्थापक विल्यम ह्युलेट यांचे पुत्र आणि संचालक वॉल्टर ह्युलेट यांनी मात्र दंड थोपटले. कंपनी पीसीच्या कमी नफ्याच्या धंद्यात आणखी रुतेल आणि कमावत्या प्रिंटर व्यवसायातला भागधारकांचा वाटा घटेल, असा त्यांचा आक्षेप होता. व्यवस्थापनाची पांढरी, तर विरोधकांची हिरवी मतपत्रिका गुंतवणूकदारांच्या हाती पडली. 51.4 टक्के मतांनी प्रस्ताव कसाबसा तरला. 3 मे रोजी विलीनीकरण पूर्ण झाले.

सर्व्हरसाठीचा नावाजलेला अल्फा प्रोसेसर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे कॉम्पॅकने 2001 मध्येच ठरवले होते. मोठ्या सर्व्हरसाठी नव्या कंपनीची मदार एचपीने इंटेलबरोबर विकसित केलेल्या इटॅनियम प्रोसेसरवर राहिली. स्वस्त एक्स-86 सर्व्हरपुढे त्याचा निभाव लागला नाही. 2021 मध्ये इंटेलने त्याचा पुरवठा थांबवला. विलीनीकरणाच्या सौद्याने कर्नाटकातही मालकी बदलली : बंगळुरूची सॉफ्टवेअर कंपनी डिजिटल ग्लोबलसॉफ्ट कॉम्पॅककडून एचपीकडे आली.