पॉवर टिलरचे फाउंडेशन बोल्ट : पायवा गेला, नाव राहिले

रोवणी आटोपली की पॉवर टिलर धुऊन गोठ्याच्या कडेला लागतो आणि पुढच्या चिखलणीपर्यंत त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. मग ऐन पावसात, पऱ्हे तयार असताना, इंजिन चॅसिसवर खडखडू लागते, पट्टे निसटतात आणि मिस्त्रीच्या दारात रांग लागते. इंजिन ज्या चार बोल्टांवर बसते ते असे का सुटतात, याचा एक इतिहास आहे. तो समजला तर दुरुस्ती नीट होते.

आमचे गोरेगाव म्हणजे मुंबईचे नव्हे बरे का! हे गोंदिया जिल्ह्यातले, धानाच्या बांध्यांचे. लहान बांधी आणि मधे धुरे, त्यात मोठा ट्रॅक्टर वळवणे जड जाते. म्हणून इथे टिलर सोयीचा.

आता गंमत पाहा. मिस्त्री लोक इंजिन बसवायच्या बोल्टांना 'फाउंडेशन बोल्ट' म्हणतात. फाउंडेशन म्हणजे पायवा. टिलरला कुठला आला पायवा? पण हे नाव आले आहे विहिरीवरच्या आणि धानाच्या गिरणीतल्या ऑइल इंजिनावरून. इंग्लंडच्या लिस्टर कंपनीचे संथ इंजिन १९३० च्या सुमारास निघाले. ते मिनिटाला ६०० ते ६५० फेरे घ्यायचे. पुढे राजकोटच्या कारखान्यांनी त्याच बनावटीची इंजिने केली. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि खेडोपाडी विहिरींवर इंजिने बसली. अशा इंजिनाखाली काँक्रीटचा ठोकळा असे आणि बोल्ट त्यात गाडलेले असत. सिलिंडर उभे, म्हणून पिस्टनचा झटका मुख्यतः खालीवर, म्हणजे बोल्टाच्या लांबीच्या दिशेने जाई. तो पायवा पचवी.

चाकावरच्या यंत्राची कहाणी निराळी. ऑस्ट्रेलियात आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणाने १९१२ मध्ये वडिलांच्या शेतावर फिरत्या पात्यांनी जमीन फोडण्याचे प्रयोग सुरू केले. तिथून रोटाव्हेटर निघाला. जपानने हीच कल्पना भातखाचरासाठी दोन चाकांवर आणली. आपल्याकडे बंगलोरला १९६७ साली व्ही. एस. टी. कंपनी मित्सुबिशीच्या सहकार्याने निघाली, तर केरळात १९७३ साली कॅम्को. कॅम्कोचा टिलर कुबोटाच्या बनावटीचा.

या प्रवासात तीन गोष्टी बदलल्या. काँक्रीट गेले, त्याच्या जागी चॅसिसच्या दोन पट्ट्या आल्या. फेरे ६०० वरून २००० ते २४०० वर गेले; आणि वेग चौपट झाला की तेवढ्याच वजनाचा झटका चौपट नव्हे, सोळापट होतो. टिलरचा पिस्टन लहान असतो, त्यामुळे पूर्ण सोळापट बसत नाही, पण वाढतो खूप. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सिलिंडर आडवे झाले. म्हणजे झटका आता मागेपुढे, बोल्टाला आडवा बसतो.

आडव्या झटक्याने काय होते हे गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरने १९६९ साली प्रयोगाने दाखवले. दोन आवळलेले भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले की नट आपोआप उलटा फिरू लागतो. ते सरकूच दिले नाहीत, तर तो जागचा हलत नाही. म्हणून नुसता स्प्रिंग वायसर घातला आणि निश्चिंत झालो, असे होत नाही. खरी पकड दोन स्वच्छ, सपाट लोखंडांच्या घट्ट बसण्यात असते. बैठकीखाली चिखल, तेल किंवा रंगाचा थर राहिला की ती पकड गेलीच समजा.

दुसरे दुखणे सुताचे. आपल्या जुन्या इंजिनांना इंची आटे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये ठरवलेले ते माप मिस्त्रीच्या तोंडी अजून तीन सुती, चार सुती म्हणून जिवंत आहे. जपानी बनावटीचा टिलर मात्र मिलिमीटरचा. तीन सुती बोल्ट म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. दहा मिलिमीटरच्या आट्यात तो काही फेरे जातो आणि मग अडतो. वाटते घट्ट बसला. खरे तर आटे एकमेकांना खात असतात. घरच्या डब्यातला बोल्ट लावण्याआधी त्यावर नवा मिलिमीटरचा नट हाताने फिरवून पाहा. नट शेवटपर्यंत सहज गेला तरच तो बोल्ट वापरा.

प्रत्यक्ष काम असे करा. इंजिन बंद व थंड असू द्या, चाकांना उटी लावा, पट्टे उतरवा आणि इंजिनाला खालून लाकडी ठोकळ्याचा आधार द्या. बोल्ट काढून बैठक घासून कोरडी करा. पट्टे ताणण्यासाठी काही बनावटींत भोके मुळातच लांबट असतात. त्यांना झिजलेली समजू नका. पण भोकाच्या कडा चकचकीत व ओबडधोबड लांबलेल्या दिसल्या, तर वर जाड सपाट चकती घाला, फारच झिजले असेल तर भोक भरून पुन्हा पाडून घ्या. चॅसिसला चीर असेल तर चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडून मगच वेल्डिंग करावे, नाहीतर चीर पुढे पळते. इंजिनाचा पाया बिडाचा असतो. त्याला साध्या काडीने टाके मारू देऊ नका, बिडाचे काम जाणणाऱ्याकडेच जा.

बोल्ट एका बाजूने ओळीने नव्हे, तर तिरप्या जोडीने, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. दोन्ही पुली सुतळी धरून एका रेषेत आहेत ना, हे पाहावे. चार-पाच तास काम झाल्यावर इंजिन बंद करून पुन्हा पाना लावावा, कारण नवी बैठक थोडी दबते. शेवटी प्रत्येक नटावरून चॅसिसपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवा. सकाळी डिझेल भरताना रेघ तुटलेली दिसली, तर तेवढाच बोल्ट सोडून, पुसून पुन्हा आवळा.