ऊसतोड, ऊन आणि किडनी



दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातले मजूर उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांनी व ऊस बागायतदारांनी ही हकिकत जरूर वाचावी.

मध्य अमेरिकेतील एल साल्वाडोर देशात रोसालेस रुग्णालयात किडनी निकामी झालेले रुग्ण फार येऊ लागले. डॉक्टरांनी २००२ साली अहवाल छापला. तिघांतल्या दोघांत मधुमेहासारखे नेहमीचे कारण सापडेना. त्यांत बरेचसे किनारपट्टीचे शेतकरी. शेजारच्या निकाराग्वात ऊसतोड्यांनाही हाच आजार दिसला. श्रीलंकेत आणि आंध्रातील उद्दानम भागातही असाच आजार आहे.

कारणांवर अजून एकमत नाही. फवारणीची औषधे व पाणी यांवरही संशय आहे. पण ऊसपट्ट्यात मुख्य बोट जाते ते उन्हातल्या कष्टाकडे. घाम जातो, पाणी पोटात जात नाही, किडनीला रक्त कमी पडते.

निकाराग्वातील एका कारखान्याने सावली, पाणी व सक्तीची विश्रांती वाढवली. २०१७-१८ च्या हंगामात जळीत ऊस तोडणाऱ्या शंभरांत २७ जणांच्या किडनीला इजा झाली होती. पुढच्या हंगामात ७.

आपल्याकडे खाडा पडेल म्हणून माणूस अंगदुखीची गोळी घेऊन फडात उभा राहतो. आडोसा नाही म्हणून बाया पाणीच पीत नाहीत. तेव्हा एवढे करा:

१. तहानेची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्या.
२. दुपारी सावलीत बसा. बागायतदारांनो, आडोशाची सोय तुम्ही करा.
३. डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज गोळ्या घेऊ नका.
४. जाण्यापूर्वी व परतल्यावर रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्या. हा आजार सुरुवातीला दुखत नाही.

बुडालेला खाडा भरून निघेल. गेलेली किडनी परत येत नाही.