दारिद्र्यरेषा : एका मोजमापाची गोष्ट

दारिद्र्यरेषा हा शब्द आपण वर्गात सहज वापरतो. पण विषुववृत्ताप्रमाणे हीही रेषा माणसानेच कल्पिलेली आहे. ती कोठे आखावी, यावरून पुण्यात राहणाऱ्या दोन संख्याशास्त्रज्ञांत झालेला वाद विज्ञानाच्या शिक्षकांनीही समजून घ्यावा असा आहे.

पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली स्थापन झाली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. १९६६ साली त्यांच्या जागी वि. म. दांडेकर आले. दांडेकर मूळचे संख्याशास्त्राचे. शेती, जमीन, लोकसंख्या हे त्यांच्या अभ्यासाचे विषय. १९७१ साली त्यांनी नीळकंठ रथ यांच्यासह भारतातील दारिद्र्यावरील प्रबंध प्रसिद्ध केला. माणशी रोज सरासरी २,२५० उष्मांक मिळण्यास किती खर्च लागतो, हे त्यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरून पाहिले. त्या आधारे १९६०-६१ च्या किमतींना त्यांनी दरमहा माणशी खेड्यात १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये अशी रेषा ठरविली. तिच्याखाली ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के व शहरांतील सुमारे ५० टक्के लोक येत होते. सरकारने मोठ्या प्रमाणावर कामे काढून लोकांना रोजगार द्यावा, हा त्यांचा मुख्य उपाय होता.

पां. वा. सुखात्मे यांनी या पद्धतीवर आक्षेप घेतला. लंडनहून डॉक्टरेट घेऊन आलेल्या सुखात्मे यांनी आधी पिकांच्या नमुना पाहणीचे काम केले. १९५१ पासून सुमारे वीस वर्षे ते जागतिक अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. त्यांचा मुद्दा साधा होता. २,२५० ही सरासरी गरज आहे. सर्वजण धडधाकट असले तरी त्यांतले बरेच जण सरासरीपेक्षा कमीच खाणार; त्या सर्वांना उपाशी कसे म्हणावे? शिवाय एकाच माणसाचा आहारही दिवसागणिक बदलतो आणि शरीर काही मर्यादेत जुळवून घेते. म्हणून रेषा सरासरीच्या बरीच खाली हवी.

गणित म्हणून हा आक्षेप बिनतोड वाटतो. पण नमुना पाहणी एका माणसाचा एका दिवसाचा आहार मोजत नाही. ती कुटुंबाचा खर्च मोजते. उत्पन्न घटते तसा आहार घटतो, हे त्या आकड्यांत स्पष्ट दिसते. गरिबाचे शरीरच मुळात कमी मागते, असे मानावयाचे काय? १९८०च्या दशकाच्या आरंभी हा वाद इंग्रजी साप्ताहिकांतून रंगला. वाद पांडित्याचा खरा, पण रेषा खाली सरकली की कोट्यवधी माणसे कागदावर गरीब उरत नाहीत, आणि त्यांच्यासाठी करावयाच्या कामांची निकडही कमी भासते.

पुढे १९७९ साली नियोजन आयोगाच्या गटाने ग्रामीण भागासाठी २,४००, शहरांसाठी २,१०० उष्मांक धरले होते; २००९ साली सुरेश तेंडुलकर समितीने उष्मांकांचा आधारच सोडला. मोजपट्टी बदलत राहिली.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. विद्यार्थ्यांच्या उंचीची सरासरी काढावी आणि तिच्याखालच्यांना 'बुटके' ठरवावे. सुखात्मे यांचा आक्षेप मुलांना लगेच कळेल. मग विचारावे : उंची आणि भूक यांत फरक कोणता? दांडेकरांची बाजू तेथून सुरू होते.